आधी मोटर की आधी पॅकेट?

१९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात तीन नंबरच्या अणुभट्टीचे दोन्ही रीसर्क्युलेशन पंप बंद पडले. ऑपरेटरांनी अणुभट्टी हाताने बंद केली आणि ती सुखरूप थांबली. पंप मात्र ठणठणीत होते. बंद पडले होते ते त्यांच्या मोटरींचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचे कंट्रोलर. हे कंट्रोलर केंद्राच्या ज्या इथरनेट जाळ्याला जोडलेले होते, त्यावर पॅकेटांचा लोंढा आला आणि तो त्यांना झेपला नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००७ मध्ये या घटनेवर सूचनापत्रक काढून इतर केंद्रांनाही सावध केलं.

पंप बंद करा असा हुकूम कुणी पाठवला नव्हता. नुसत्या रहदारीने कंट्रोलर आडवे झाले होते.

भोसरीतल्या मशीन टूल्सच्या कंट्रोलवर उमेदीची वर्षं घालवलेले एक मामा आणि हिंजवडीत कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारी त्यांची भाची, यांच्यात ही घटना निघाली की वाद ठरलेला. मामांचं म्हणणं असं, की रिअल-टाइम यंत्रणेत नेटवर्क कार्डाचा नंबर सगळ्यात शेवटी लागला पाहिजे आणि त्याची एकेक सेटिंग माणसाने हाताने, विचार करून, कायमची ठरवली पाहिजे. भाचीचं म्हणणं असं, की जगभर जो ड्रायव्हर चालतो तोच घ्यावा, त्यात होता होईल तो हात घालू नये, कारण आज हौसेने केलेली कारागिरी उद्या सांभाळायला कुणी नसतं. दोघांच्याही गाठीशी अनुभव आहे आणि दोघांच्याही बाजूने इतिहास उभा राहतो.

"अगं, आधी तारेचं गणित बघ," मामा सुरुवात करतात. "शंभर मेगाबिटच्या इथरनेटवर सगळ्यात छोटी फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचे आठ बाइट आणि नंतरची बारा बाइटांची सक्तीची मोकळी जागा धरली की ८४. म्हणजे ६.७२ मायक्रोसेकंद. सेकंदाला एक लाख ४८ हजार फ्रेम्स सहज येऊ शकतात. माझी कंट्रोल लूप दर मिलिसेकंदाला चालते. प्रत्येक फ्रेमने एक इंटरप्ट द्यायचं म्हटलं, तर तिच्या एका फेरीत प्रोसेसरला जवळजवळ दीडशे वेळा हातातलं काम टाकावं लागेल. मोटरला पुढची आज्ञा द्यायची कधी?"

भाचीला हे गणित नाकारायचं नाही. "पण मामा, हा प्रश्न सुटून जमाना झाला. १९९६ मध्ये मोगल आणि रामकृष्णन यांनी यावर निबंध लिहिला. मशीन पॅकेटं घेण्यातच इतकं गुंतून जातं की त्यांच्यावर काम करायला वेळच उरत नाही, याला त्यांनी 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हटलं. उपायही दिला. पहिल्या पॅकेटला इंटरप्ट घ्यायचा, मग कार्डाचे इंटरप्ट बंद करायचे आणि ठरावीक कोट्याने पॅकेटं उचलायची. लिनक्समधली 'नापी' नावाची सोय याच विचाराची आहे. एका फेरीत साधारण ६४ पॅकेटं, मग दुसऱ्यांना संधी."

"ती ६४ पॅकेटं उचलणार कोण? आणि कुठल्या प्रायॉरिटीने?"

या प्रश्नावर वादाचा बराचसा भार आहे. मामांची घडण झाली व्हीएक्सवर्क्सवर. विंड रिव्हर कंपनीची ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम १९८७ मध्ये बाजारात आली आणि कारखान्यांपासून अंतराळयानांपर्यंत पोहोचली. तिच्या पारंपरिक रचनेत कार्डाचा इंटरप्ट आला की ड्रायव्हरने अगदी थोडं काम करायचं, उरलेलं 'टीनेटटास्क' नावाच्या एका टास्ककडे सोपवायचं. त्या टास्कची प्रायॉरिटी ठरलेली असे: ५०. व्हीएक्सवर्क्समध्ये शून्य म्हणजे सर्वांत वरचा आणि २५५ म्हणजे सर्वांत खालचा. शेलमधून सहज सुरू केलेली टास्क १०० वर चालते. म्हणजे कुणी काही न ठरवता मोटरची टास्क तशीच सुरू केली, तर नेटवर्क आपोआप तिच्या डोक्यावर जाऊन बसतं. मामांनी ज्या मशीनवर काम केलं, त्यांत मोटरची लूप ५० च्या वर नेणं हे पहिलं काम असे, कार्डाला आयपी पत्ता देण्याच्याही आधी.

आकड्यांची दिशा हा स्वतंत्र सापळा आहे. फ्रीआरटीओएस या छोट्या रिअल-टाइम सिस्टीममध्ये टास्कचा आकडा जितका मोठा तितका मान मोठा. प्रीएम्प्ट-आरटी ही रिअल-टाइमची सोय असलेल्या लिनक्समध्ये रिअल-टाइम प्रायॉरिटी १ ते ९९, तिथेही मोठा आकडा वर. गंमत म्हणजे तिथे इंटरप्ट हाताळणाऱ्या थ्रेडना मुळात मिळते ती प्रायॉरिटीही ५०च, आणि ती सगळ्यांना सारखी: नेटवर्क कार्ड असो, यूएसबी असो की डिस्क. एका सिस्टीमवरून दुसरीकडे गेलेला माणूस '५०' हा ओळखीचा आकडा बघून निश्चिंत होतो, आणि त्याचा अर्थ मात्र दोन्हीकडे वेगळा असतो.

भाची इथे एक वेगळंच उदाहरण पुढे करते. "नुसता आकडा वर नेऊन भागत नाही, हे तर व्हीएक्सवर्क्सनेच शिकवलं. मार्स पाथफाइंडर, १९९७." ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं ते यान काही दिवसांनी आपोआप रीसेट होऊ लागलं. यानाच्या आतली माहितीची वाहतूक सांभाळणारी टास्क वरच्या प्रायॉरिटीची होती. हवामानाची नोंद घेणारी टास्क खालची. दोघी एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, वापरत होत्या. खालचीने तो धरला की मधल्या प्रायॉरिटीचं दुसरं काम येऊन तिला अडवून ठेवी, आणि त्यामुळे वरची ताटकळे. ती वेळेत परतली नाही की वॉचडॉग सगळी यंत्रणा रीसेट करी. कुलूप धरणाऱ्या टास्कला वाट बघणाऱ्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती देणारी 'प्रायॉरिटी इन्हेरिटन्स' त्या म्युटेक्समध्ये बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली गेली आणि रीसेट थांबले.

"आता हेच इथरनेटला लाव," ती म्हणते. "तुझी मोटरची टास्क सगळ्यात वर. पण तीच टास्क मधूनच सॉकेटवर 'सेंड' मारते, मशीनची स्थिती वरच्या संगणकाला कळवायला. सेंड म्हणजे नेटवर्क स्टॅकचं कुलूप. ते एखाद्या खालच्या टास्कने धरलेलं असलं, तर तुझी वरची प्रायॉरिटी काय कामाची?"

मामा लगेच मान डोलावतात. मोटरच्या टास्कने सॉकेटला हातच लावायचा नाही, हा त्यांचाही नियम. तिने आपली माहिती एका रांगेत टाकायची, वाट बघायची नाही, रांग भरली असेल तर सर्वांत जुनी नोंद सोडून द्यायची. पाठवण्याचं काम दुसऱ्या, खालच्या टास्कने सवडीने करायचं. या एका मुद्द्यावर दोघांचं कधी वाजत नाही, आणि नव्या माणसाने रिअल-टाइम नेटवर्किंगमध्ये आधी शिकावं ते हेच.

भाचीच्या हाताखाली आलेल्या एका नव्या इंजिनिअरची गोष्ट ती अनेकदा सांगते. बोर्डवर एसटीएम३२ एच७ मालिकेतला मायक्रोकंट्रोलर, त्यावर फ्रीआरटीओएस आणि एलडब्ल्यूआयपी हा छोटा टीसीपी-आयपी स्टॅक. केबल लावली, पोर्टवरचा हिरवा दिवा लागला, लिंक आली. पिंग मात्र जाईना. फिजिकल चिप, तिचं ५० मेगाहर्ट्‌झचं क्लॉक, केबल, सगळं तपासून झालं. दोष होता मेमरीच्या नकाशात. या चिपमध्ये रॅमचे अनेक तुकडे असतात. त्यातला डीटीसीएम नावाचा तुकडा प्रोसेसरला सर्वांत जवळचा आणि वेगवान, म्हणून लिंकर स्क्रिप्टने सगळे व्हेरिएबल तिथेच ठेवले होते, आणि त्यांच्याबरोबर इथरनेटचे डिस्क्रिप्टरही. पण प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या इथरनेटच्या डीएमएला त्या तुकड्यापर्यंत जाणारा रस्ताच नाही. डिस्क्रिप्टर म्हणजे कार्डासाठी लिहिलेली चिठ्ठी: अमुक बफरात पॅकेट टाक, झालं की इथे खूण कर. कार्डाला ती चिठ्ठी कधी वाचताच आली नव्हती.

डिस्क्रिप्टर दुसऱ्या तुकड्यात हलवले आणि पिंग सुरू झालं. पण मधूनच पॅकेटं शिळी येऊ लागली, नवीन फ्रेमच्या जागी आधीच्या फ्रेमचे बाइट. आता दोष कॅशचा होता. डीएमए थेट रॅममध्ये लिहितं आणि प्रोसेसर आपल्या कॅशमधली जुनी प्रत वाचतो. कॉर्टेक्स-एम७ मध्ये कॅशची एक ओळ ३२ बाइटांची असते. बफर वाचण्याआधी ती ओळ रद्द करावी लागते, आणि बफर ३२ च्या पटीत बसवलेला नसेल तर त्याच ओळीत शेजारी राहणाऱ्या एखाद्या व्हेरिएबलची नवी किंमतही रद्द होते. असला दोष आठवड्यातून एकदा डोकं वर काढतो आणि पकडायला गेलं की सापडत नाही. डिस्क्रिप्टरची जागा मेमरीचे नियम ठरवणाऱ्या एमपीयूकडून 'कॅश करू नये' अशी जाहीर करणं हा त्यावरचा सरळ उपाय.

"आणि एवढं झाल्यावर," भाची सांगते, "आम्ही कोड जनरेटरने तयार करून दिलेली फाइल नीट वाचली. पॅकेट घेणाऱ्या थ्रेडची प्रायॉरिटी 'रिअलटाइम'. म्हणजे आमच्या कंट्रोल टास्कच्याही वर!"

मामांना याहून मोठा पुरावा नको असतो. "बघ! ब्राउन्स फेरी तुझ्या टेबलावर तयार होतं. कुणी वाईट हेतूने केलं नाही. बोर्ड पटकन चालू व्हावा, पिंगला लगेच उत्तर यावं, म्हणून कुणीतरी तो आकडा तसा ठेवला. त्याच्यासाठी तो बरोबरच होता. तुझ्या मशीनसाठी नाही."

आणखी एक सेटिंग तिथेच शेजारी असते. या चिपमध्ये इंटरप्टच्या प्रायॉरिटी शून्य ते पंधरा, आणि इथे शून्य म्हणजे सर्वांत तातडीचा. फ्रीआरटीओएसच्या नेहमीच्या मांडणीत एक मर्यादा दिलेली असते, बहुधा ५. त्याहून तातडीच्या इंटरप्टने कर्नलची कुठलीही सेवा मागायची नाही, कारण कर्नल आपल्या याद्या बदलत असताना अशा इंटरप्टला रोखून धरत नाही. इथरनेटचा इंटरप्ट शून्यावर राहिला आणि त्याने सेमाफोर दिला, तर कर्नलच्या याद्या अर्धवट अवस्थेत पकडल्या जातात. पॅकेटं थोडी असतील तोवर सगळं सुरळीत. रहदारी वाढली की कुठल्या तरी असंबद्ध जागी सिस्टीम कोसळते. विकास करताना असर्ट चालू ठेवले असतील, तर ही चूक पहिल्या मिनिटात सापडते. त्यामुळे असर्ट बंद करून वेग मिळवण्याचा मोह या टप्प्यावर तरी आवरावा.

इथवर मामांचं पारडं जड वाटतं. पण वाद ऑटो-निगोशिएशनवर, म्हणजे तारेच्या दोन टोकांनी आपसात वेग ठरवण्यावर, आला की ते हलकं होऊ लागतं.

मामांची जुनी सवय म्हणजे कार्डाला सक्तीने 'शंभर मेगाबिट, फुल डुप्लेक्स' सांगून टाकायचं. कारणही ठोस आहे. केबल लावल्यावर दोन टोकांनी एकमेकांशी वेग ठरवण्यात वेळ जातो, कधी सेकंदांच्या घरात, आणि रोबोटचा हात हत्यार बदलतो तेव्हा ते सेकंद मोलाचे असतात. प्रोफिनेट या औद्योगिक इथरनेटमधल्या 'फास्ट स्टार्ट-अप' या सोयीतही उपकरण अर्ध्या सेकंदाच्या आत कामाला लागावं म्हणून ही बोलणी बंदच ठेवतात.

"पण समोरच्या टोकाला कोण आहे ते बघितलंस का?" भाची विचारते. १९९५ च्या नियमांनुसार, एका टोकाने बोलणी बंद केली आणि दुसऱ्याने चालू ठेवली, तर दुसऱ्याला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग ते हाफ डुप्लेक्स धरून चालतं. एक टोक कधीही बोलतं, दुसरं तार मोकळी होण्याची वाट बघतं. पिंग अगदी स्वच्छ जातं, कारण एका वेळी एकच पॅकेट असतं. फाइल पाठवायला घेतली की वेग कोसळतो. क्यूएनएक्स या रिअल-टाइम सिस्टीमवर कार्डाचे आकडे दाखवणारं 'निकइन्फो' चालवून बघितलं तर फुल डुप्लेक्सच्या बाजूला सीआरसीच्या चुका वाढताना दिसतात आणि हाफ डुप्लेक्सच्या बाजूला उशिरा झालेल्या टकरी. कारखान्यात कुणी जुना स्विच काढून नवा बसवला, की काल चाललेलं मशीन आज अडखळतं आणि कुणालाच कारण सापडत नाही. शिवाय तांब्याच्या तारेवर गिगाबिट हवं असेल तर ऑटो-निगोशिएशन मानकानुसार सक्तीचंच आहे.

मामांनी इथे एक पाऊल मागे घेतलं आहे, पूर्ण माघार नाही. दोन्ही टोकं आपल्या ताब्यात असतील, एकाच पॅनेलमध्ये असतील, तर सक्ती. तार पॅनेलबाहेर जात असेल, तर ऑटो. लेखकाला हा तोडगा पटतो, कारण तो सवयीवर उभा नाही, तारेच्या मालकीवर उभा आहे.

पुढचा मुद्दा विलंबाचा. आजची कार्डं सर्व्हरसाठी बनतात आणि सर्व्हरला हवी असते सरासरी. म्हणून कार्ड प्रत्येक पॅकेटला इंटरप्ट देत नाही, थोडी पॅकेटं जमू देतं. सीट भरल्याशिवाय न सुटणाऱ्या सहा आसनी रिक्षासारखं हे आहे. रिक्षावाल्याला फेरा परवडतो, पहिला बसलेला प्रवासी मात्र खोळंबतो. रिअल-टाइममध्ये तो पहिला प्रवासीच महत्त्वाचा. लिनक्सवर 'इथटूल' या आज्ञेने हा थांबा शून्यावर आणता येतो. वीज वाचवणारं इथरनेटही तसंच. २०१० च्या मानकानुसार रिकामी तार झोपते आणि गिगाबिटवर जागं व्हायला १६.५ मायक्रोसेकंद घेते. घरच्या राउटरला याचं काही वाटत नाही. अडीचशे मायक्रोसेकंदांच्या लूपमध्ये मात्र हा आकडा ग्राफवर दिसतो.

रांगेची लांबी हा याच घरातला तिसरा मुद्दा, आणि तो सहसा कुणी तपासत नाही. इंटेलच्या आयजीबी ड्रायव्हरमध्ये पाठवण्याच्या रांगेत मुळात २५६ डिस्क्रिप्टर असतात. मोठी फ्रेम गिगाबिटवर साधारण १२.३ मायक्रोसेकंद घेते. लॉग फाइल वर पाठवणाऱ्या एखाद्या कामाने ती रांग मोठ्या फ्रेम्सनी भरून टाकली, तर तिच्या शेपटाला लागलेल्या मोटरच्या पॅकेटला तीन मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागेल. मिलिसेकंदाच्या लूपच्या तीन फेऱ्या गेल्या. प्रायॉरिटी कितीही वर न्या, कार्डाच्या रांगेत ती चालत नाही. पॅकेट कार्डाच्या हवाली केलं की प्रोसेसरचा अधिकार संपतो.

"म्हणून तर इथरकॅट," मामा म्हणतात. बेकहॉफ कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत मास्टर एक फ्रेम सोडतो. ती एकेका उपकरणातून जाते, प्रत्येक उपकरण जाता जाता आपला भाग वाचतं, आपला भाग लिहितं, आणि फ्रेम मास्टरकडे परत येते. मास्टरला लागतं साधं इथरनेट कार्ड. लिनक्सवर चालणाऱ्या आयजीएच मास्टरमध्ये काही निवडक कार्डांसाठी बदललेले ड्रायव्हर मिळतात. त्यांत इंटरप्ट बंदच असतात. कंट्रोल टास्क आपल्या वेळेला स्वतः कार्डाला विचारते, काय आलं आहे? "माझं सगळं म्हणणं त्या ड्रायव्हरमध्ये आहे. कार्डाने हाक मारायची नाही. विचारलं तरच सांगायचं."

भाचीचा या ड्रायव्हरना तत्त्वतः विरोध नाही, तिला काळजी आहे कॅलेंडरची. ते ड्रायव्हर कर्नलच्या ठरावीक आवृत्त्यांना जखडलेले असतात. कर्नल पुढे गेलं की बदल नव्याने बसवायचे. मशीन पंधरा वर्षं चालणार. ती कसरत तोवर करत राहणारा माणूस त्याच कंपनीत असेल याची खात्री कोण देणार? प्रीएम्प्ट-आरटी जवळजवळ वीस वर्षं वेगळ्या पॅचच्या रूपात सांभाळलं गेलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत अखेर मूळ कर्नलमध्ये सामील झालं. एवढी वर्षं ते बाहेर ठेवण्याची किंमत तिने आधीच्या प्रोजेक्टवर मोजली आहे. प्रत्येक आवृत्तीला पॅच जुळवायचा, चाचण्या पुन्हा, दोष पुन्हा.

मग ती आपला सर्वांत धारदार पुरावा काढते. जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीने 'अर्जंट/११' या नावाने व्हीएक्सवर्क्समधल्या नेटवर्क स्टॅकचे अकरा दोष जाहीर केले. त्यांतले सहा अतिगंभीर होते, म्हणजे बाहेरून पॅकेट पाठवून उपकरणाचा ताबा घेता येईल असे. हा आयपीनेट नावाचा स्टॅक मुळात इंटरपीक कंपनीचा. विंड रिव्हरने २००६ मध्ये ती कंपनी घेतली आणि व्हीएक्सवर्क्सच्या ६.५ पासूनच्या आवृत्त्यांना हे दोष लागू होते. काही दोष टीसीपीच्या 'अर्जंट पॉइंटर' या जवळजवळ कुणीच वापरत नसलेल्या सोयीत दडलेले होते.

"मामा, तुझ्या मशीनवर प्रायॉरिटी अचूक असेल. डुप्लेक्स अचूक. बफर मोजून-मापून दिलेले. पण एक वाकडं पॅकेट आलं आणि स्टॅकने ते चुकीचं वाचलं, तर तो कोड तुझ्याच मेमरीत धावणार. चालतंय ना, मग हात लावू नको, असं म्हणत बारा वर्षं तसंच ठेवलेलं मशीन त्या दिवशी उघडं पडलं."

यावर मामांना उत्तर जड जातं, आणि ते तसं दाखवतात. त्यांचं पहिलं उत्तर असतं फायरवॉल. ब्राउन्स फेरीतही उपाय म्हणून संवेदनशील उपकरणांपुढे फायरवॉलच बसवल्या गेल्या. भाची लगेच आठवण करून देते, की अर्जंट/११ मध्ये काही फायरवॉलही त्याच व्हीएक्सवर्क्सवर चालणाऱ्या निघाल्या. त्यांचं दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: क्यूएनएक्स. १९८० च्या दशकापासूनच्या या सिस्टीमचं कर्नल छोटं ठेवलेलं आहे. ड्रायव्हर आणि टीसीपी स्टॅक कर्नलबाहेर, अनेक वर्षं 'आयओ-पीकेटी' नावाच्या वेगळ्या प्रक्रियेत चालत आले. कुठलं कार्ड, कुठला वेग, पॅकेट हाताळणाऱ्या थ्रेडची प्रायॉरिटी काय, हे ती प्रक्रिया सुरू करण्याच्या एका ओळीतच सांगता येतं. स्टॅक कोसळला तर तेवढाच कोसळतो, पुन्हा सुरू करता येतो, मोटरची टास्क आपल्या मेमरीत सुरक्षित राहते. "मग मला रचना बदलावी लागेल, शिस्त नाही," मामा म्हणतात.

लेखकाला वाटतं, इथे भाची जास्त बरोबर आहे. मामांची शिस्त वेळेचं रक्षण करते, आणि ती हवीच. पण ज्या कार्डाला कारखान्याबाहेरचं जग लागून आहे, त्याच्या ड्रायव्हरला आणि स्टॅकला दुरुस्तीची वाट मोकळी ठेवावीच लागते. ती बंद करून मिळवलेली अचूकता मशीन विकलं जातं त्या दिवसापुरती असते. उलट, मोटरच्या तारेवर भाचीचा 'जसं आहे तसं' हा आग्रह टिकत नाही. एसटीएम३२ चा तो थ्रेड तिनेच दाखवून दिला आहे.

सध्या दोघं एका ओळखीच्या कारखानदाराच्या नव्या मशीनसाठी एकत्र बसतात. दोन पोर्ट ठरले आहेत. एकावर फक्त इथरकॅट: इंटरप्ट बंद, वीजबचत बंद, आणि कंट्रोल टास्कसाठी प्रोसेसरचा एक कोअर राखून ठेवलेला. दुसऱ्यावर कारखान्याचं जाळं, मूळ कर्नलमधला जसाच्या तसा ड्रायव्हर, ऑटो-निगोशिएशन चालू, त्याचा इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर आणि थ्रेडची प्रायॉरिटी कंट्रोलच्या खाली. पुढच्या स्विचवर ब्रॉडकास्टला मर्यादा. चाचणी मामांनी सांगितलेली: विलंब मोजणारी 'सायक्लिकटेस्ट' चालू ठेवायची, दुसऱ्या पोर्टवर छोट्या फ्रेम्सचा पूर सोडायचा, मधूनच केबल उपटायची, डिस्कवर लिहायला लावायचं, आणि सरासरीकडे न बघता फक्त सर्वांत मोठा विलंब नोंदवायचा. मामांना चाचणी रात्रभर हवी, कारण दोन कोअर वेगळे केले तरी मेमरीचा रस्ता आणि कॅशचा शेवटचा थर सामाईक असतो, आणि त्यातून येणारा उशीर पाच मिनिटांत दिसत नाही.

अडलं आहे ते एका वेगळ्याच आकड्यावर. मास्टरकडून फ्रेम आली नाही तर इथरकॅट उपकरणाने किती वेळ वाट बघून आउटपुट बंद करायचे, हे त्याच्या वॉचडॉगमध्ये ठरतं, आणि मूळ सेटिंग असते १०० मिलिसेकंद. मामांनी लगेच हिशेब मांडला: तीन हजार आरपीएमने फिरणारा स्पिंडल तेवढ्या वेळात पाच फेरे मारतो. त्यांना दहा मिलिसेकंद हवे आहेत. भाचीचं म्हणणं, दहा ठेवलेस तर कुठल्या तरी किरकोळ अडखळण्यावर मशीन दिवसातून दोनदा थांबेल, आणि महिन्याभरात शिफ्टवरचा कुणीतरी वॉचडॉगच बंद करून टाकेल. सर्वांत वाईट विलंबाची नोंद हातात आल्यावर, स्पिंडलला ब्रेक लागायला किती वेळ लागतो ते मोजून, मगच तो रकाना भरायचा असं तूर्त ठरलं आहे. तोवर कॉन्फिगरेशन फाइलमधली ती ओळ दोघांनी रिकामी ठेवली आहे.